हॉस्टेलहून ढेकूण घरी येऊ नयेत म्हणून, आणि आलेच असतील तर

प्रश्न लातूरच्या एका आईचा आहे. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलला राहते. खोलीत ढेकूण झाल्याचं तिनं परवा फोनवर सांगितलं. दहा दिवसांनी ती दिवाळीला घरी येणार आहे. गणपतीत ती चार दिवस येऊन गेली होती, आणि आता सासूबाईंच्या दंडावर ओळीनं लाल गांधी उठताहेत. घरात जावेचं आठ महिन्यांचं बाळ आहे. शेजारी म्हणतात, कृषी सेवा केंद्रातून औषध आणा आणि गाद्यांवर मारा. आईनं शेवटी विचारलंय, "मुलीला येऊच नकोस म्हणू का?"

ताई, मुलीला येऊ द्या. आणि शेतावरचं औषध घरात आणू नका, कितीही पातळ केलं तरी नाही. हे दोन आधी सांगतो, कारण बाकी सगळं चुकलं तर निस्तरता येतं, ही दोन चुकली तर नाही. पिकावर मारायचं औषध उघड्यावर, वाऱ्यात, उन्हात उतरावं असं केलेलं असतं. गादीच्या कापसात ते मुरून बसतं आणि त्यावर माणूस रात्रीचे आठ तास नाक टेकून झोपतो. तुमच्या घरात बाळ आहे. त्याहून भयंकर म्हणजे धान्याला लावायच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. काही जण त्या कपाटात, कॉटखाली ठेवतात. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू भिंतीच्या फटीतून शेजारच्या घरात जातो, आणि या गोळ्यांनी झोपेत माणसं गेलेली आहेत. तुमच्याकडे धान्याच्या कोठीसाठी त्या आणलेल्या असतील तर घरात कुणी त्यांचा असा उपयोग करणार नाही, हे आजच बोलून घ्या.

मी पुण्यात बावीस वर्षं पेस्ट कंट्रोलचं काम करतो. पेठांमधल्या कॉटबेसिसच्या खोल्या, मुलामुलींची हॉस्टेलं, अभ्यासिका, हे माझं रोजचं. दिवाळीनंतर आणि मे महिन्यानंतर मला गावोगावच्या पालकांचे फोन येतात, आणि जवळजवळ प्रत्येक घरी ढेकूण दोन महिने आधी आलेला असतो. मुलाला हॉस्टेलवर माहीत असतं, पण तो बोलत नाही. आपल्याकडे ढेकूण म्हणजे गलिच्छपणा असं समीकरण आहे. 'ढेकणाच्या संगे हिरा भंगला' अशी म्हण आहे आपली. त्या बिचाऱ्या किड्याला आपण वाईट संगतीचं प्रतीकच करून ठेवलंय. खरं म्हणजे त्याला घाण लागत नाही. त्याला रक्त लागतं आणि दिवसा लपायला फट लागते. रोज फरशी पुसणाऱ्या घरातही दोन्ही मिळतात. तुमच्या मुलीनं आपण होऊन फोन केला, त्यासाठी तिचं कौतुक करा. तिला एक शब्द बोललात तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही.

उशीर का महाग पडतो ते बघा. एक फळलेली मादी बॅगेच्या शिवणीतून आली तरी पुरते. ती दिवसाला एक ते पाच अंडी घालते. आपल्याकडच्या उबेत ती आठवडा-दहा दिवसांत फुटतात. पिल्लू पाच वेळा कात टाकतं आणि दर वेळी त्याला पोटभर रक्त प्यावं लागतं. अंड्यापासून अंडी घालण्याइतकं मोठं व्हायला साधारण पाच ते आठ आठवडे. गणपती ते दिवाळी मोजा. तुमच्याकडे आले असतील तर पहिली पिढी आत्ता वयात येतेय. अजून ते बहुधा एकाच खोलीत, एकाच कॉटच्या आसपास असतील. ही वेळ चांगली आहे, म्हणून तर मी एवढं लांबलचक लिहितोय.

पण ढेकूण आहेत का, हे आधी ठरवा. अंगावरच्या गांधींवरून मीही खात्रीनं सांगू शकत नाही. एकाच गादीवर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाला चट्टे उठतात, दुसऱ्याला काहीच होत नाही. कधी चावल्यानंतर आठ-दहा दिवसांनी गांध येते. हॉस्टेलमधून मुलं आणखी एक गोष्ट घरी आणतात, ती म्हणजे खरूज. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेशी बारीक पुरळ, रात्री वाढणारी खाज, आणि घरातल्या एकेकाला सुरू होणं, असं असेल तर मला नको, त्वचेच्या डॉक्टरांना बोलवा. ढेकणाचं काम म्हणून गेलो आणि खरूज निघाली, असं मी कितीदा पाहिलंय. खिडकीत कबुतरांचं घरटं असेल तर त्यांच्या अंगावरचे माइट्सही असंच चावतात.

शोधायला तीन गोष्टी घ्या: चांगला टॉर्च, जुनं एटीएम कार्ड आणि चिकटपट्टी. सासूबाईंच्या गादीपासून सुरू करा. गादीची शिवण बोटांनी उलगडत चारही बाजूंनी फिरा. कापसाच्या गादीला मध्ये टाके घातलेले असतात ना, त्या प्रत्येक टाक्याचा खळगा उघडून बघा. मग कॉटचे सांधे, स्क्रूची भोकं, प्लायवूडची खालची कड. मोठा ढेकूण जवसाच्या दाण्याएवढा असतो, तसाच चपटा आणि तपकिरी. रक्त प्यायला की लांबट आणि लालभडक होतो. नुकतं फुटलेलं पिल्लू मात्र जवळजवळ पारदर्शक असतं, टॉर्च तिरका धरल्याशिवाय दिसत नाही. अंडी पांढरी, खसखशीएवढी, लाकडाला चिकटवलेली.

मागच्या जूनमध्ये एका मुलींच्या हॉस्टेलमध्ये पाहिलेली कॉट सांगतो. वरून सगळं स्वच्छ, चादरीवर एक डाग नाही. प्लाय उचलली आणि लोखंडी पट्टीवर जिथे ती टेकत होती तिथे काळे ठिपके दिसले, बॉलपेन टेकवून उचलल्यासारखे. ओल्या कापसानं पुसले तर तांबूस-काळे पसरले. ती ढेकणाची विष्ठा, पचलेलं रक्त. धूळ असती तर अशी पसरली नसती. कार्डाची कड त्या फटीतून फिरवली तेव्हा आधी फिक्या पिवळ्या टरफलासारख्या काती गळून पडल्या, आणि मग एकामागे एक सात ढेकूण बाहेर आले. गोडसर, उग्र असा तो वास आला. ज्या मुलीची कॉट होती तिला त्या दिवसापर्यंत एकही गांध उठली नव्हती. चट्टे शेजारच्या कॉटवरच्या मुलीला उठत होते आणि तीन आठवडे तिच्याच गादीला ऊन दाखवणं चाललं होतं.

मुलीनं निघण्याआधी काय करायचं ते आता सांगतो. तिला म्हणा, कमीत कमी सामान आण. जे कपडे आणायचे ते आदल्या दिवशी गरम ड्रायर असलेल्या लाँड्रीत नेऊन पुऱ्या उष्णतेवर अर्धा तास फिरवून आण. हल्ली पुण्यात विद्यार्थी राहतात त्या भागात अशा लाँड्र्या आहेत. तिथून आलेले कपडे थेट नव्या प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड गाठ मारून बंद. ती पिशवी पुन्हा कॉटवर टेकवायची नाही. ड्रायर नसेल तर कपडे तसेच बंद पिशवीत आणू द्या, घरी बघू. बॅग रात्री कॉटखाली ठेवायची नाही, बाथरूमच्या कोरड्या फरशीवर ठेवायची. उशी आणि पांघरूण तिथेच राहू दे. बसमध्ये बॅग मोठ्या प्लास्टिकच्या पोत्यात घालून डिकीत टाकायची. तिच्या बॅगेतून दुसऱ्याच्या बॅगेत जाऊ नयेत, हेही आपलंच काम आहे.

घरी आली की बॅग उंबऱ्याच्या आत घेऊ नका. अंगणात किंवा गच्चीवर पांढऱ्या चादरीवर उघडा, पांढऱ्यावर हलणारं काहीही दिसतं. अंगावरचे कपडे तिनं न्हाणीघरातच बदलावेत. धुता येण्यासारखं सगळं ६० अंशांच्या पाण्यात. तुमच्या मशीनमध्ये हीटर नसेल तर बादलीत कडक पाणी घेऊन कपडे तासभर बुडवून ठेवा, मग नेहमीसारखे धुवा. नुसत्या साबणानं आणि गार पाण्यानं अंडी मरत नाहीत. इथे एक आकडा लक्षात ठेवा: ४८ अंशांना मोठे ढेकूण वीस मिनिटांत मरतात, पण अंड्यांना त्याच उष्णतेत दीड तास लागतो. ५० च्या वर गेलात की काम भराभर होतं. म्हणून मी कपड्यांसाठी ६० सांगतो, थोडा मोकळा हात ठेवून.

बॅगेच्या शिवणी, चेनच्या कडा, चाकांच्या खाचा यांना वाफ द्या. कपड्यांना वाफ देणारा साधा स्टीमर चालतो, पण त्याच्या तोंडाला सुती फडकं गुंडाळा, नाहीतर हवेच्या झोतानं पिल्लं उडून भलतीकडे जातात. हात इतका सावकाश फिरवा की कंटाळा येईल. प्रेशर कुकरच्या नळीनं वाफ काढायचे प्रयोग कृपा करून करू नका. स्टीमर नसेल तर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री चालते, कापड सोसेल तिथे. पुस्तकं हा नाजूक भाग आहे. कण्याच्या पोकळीत ढेकूण बसतो. लागतील तेवढीच आणायला सांगा, आणि ती घट्ट बंद पिशवीत घालून ओळखीच्या दुकानातल्या डीप फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांना, चार दिवस ठेवा. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा तेवढा गार असेलच असं नाही. लॅपटॉपला गरमही करू नका, गारही नाही. टॉर्चनं जाळ्या बघा आणि वापरात नसताना चेनच्या पिशवीत ठेवा.

उन्हाचं लोक नेहमी विचारतात. आपल्या आज्या बाज उन्हात टाकून वरून उकळतं पाणी ओतायच्या आणि काठीनं झोडायच्या. त्यात कामाला येत होतं ते उकळतं पाणी, आणि पडलेले ढेकूण तिथल्या तिथे चिरडणं. नुसत्या उन्हानं ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो, जाड गादीच्या पोटात तर ऊन पोचतच नाही. मे महिन्यात लातूरच्या गच्चीवर काळ्या प्लास्टिकमध्ये पातळ पसरलेले कपडे ५० च्या वर जाऊ शकतात, पण मधोमध थर्मामीटर खुपसून खात्री केल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. दिवाळीच्या उन्हात तर अजिबात नाही.

आता घरातल्या त्या खोलीकडे. शोधून ढेकूण सापडले असं धरून सांगतो.

सासूबाईंना दुसऱ्या खोलीत झोपवू नका. हे ऐकायला क्रूर वाटतं, मला माहीत आहे, आणि प्रत्येक घरात मला यावरून वाद घालावा लागतो. ढेकूण श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आणि अंगाच्या उबेच्या मागावर येतो. माणूस हॉलमध्ये गेला की चार दिवसांनी तेही हॉलमध्ये जातात, आणि एका खोलीचं काम तीन खोल्यांचं होतं. त्याऐवजी त्यांची कॉटच सुरक्षित करा. लोखंडी कॉट असेल तर अंगणात न्या आणि सांध्यासांध्यांत उकळतं पाणी ओता. गादीच्या शिवणींना आणि टाक्यांना वाफ द्या. मग पूर्ण गादी आत जाईल असा चेनचा खोळ शिवून घ्या, शिंप्याला जाड, घट्ट विणीचं कापड आणि बारीक दातांची चेन सांगा. आत उरलेला ढेकूण आतच उपाशी राहील, पण खोळ लवकर काढू नका. आपल्या हवेत उपाशी ढेकूण काही महिने तगतो, मी सहा महिन्यांचा हिशोब धरतो.

कॉट भिंतीपासून वीतभर लांब घ्या. चादर जमिनीला लागता कामा नये. चारही पायांखाली पसरट वाट्या ठेवा, पूर्वी ठेवायच्या तशाच, त्यात थोडं पाणी आणि साबणाचे चार थेंब. आपल्याकडे जास्त करून सापडणारा उष्ण प्रदेशातला ढेकूण गुळगुळीत पृष्ठभागावरही बऱ्यापैकी चढतो, म्हणून वाटीची पाण्याच्या वरची आतली बाजू कोरडी ठेवून तिला टाल्कम पावडर चोळा. आणि पाणी दर दोन दिवसांनी फेकून द्या. डेंगीचे डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतात. ढेकणापायी घरात डेंगी आणायचा नाही. रोज सकाळी वाट्या बघा आणि सापडलेले वहीत लिहून ठेवा. काम किती पुढे सरकलं ते ती वही सांगते, कुणाच्या अंदाजापेक्षा खरं.

गादी रस्त्यावर टाकून देऊ नका. कुणीतरी गरजू ती उचलून नेतो. टाकायचीच असेल तर फाडून, प्लास्टिकमध्ये बांधून, वर ढेकूण असल्याचं लिहून द्या.

काय करू नये यातल्या चार गोष्टी पटकन सांगतो. रॉकेल किंवा स्पिरिट फटीत ओतू नका, घरं पेटली आहेत. डास-झुरळांचे डबे गादीवर मारू नका. त्यातली औषधं ज्या गटातली आहेत त्यांना कित्येक ठिकाणचे ढेकूण आता दाद देत नाहीत, आणि त्या वासानं ते फक्त पांगतात. धुराच्या औषधाचंही तेच. डांबरगोळ्यांनी ढेकूण मरत नाहीत, पण काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एका एन्झाइमची कमतरता असते आणि त्या वासानं त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. तुमच्या घरात डांबरगोळी नकोच.

खोलीत चार-पाचपेक्षा जास्त ठिकाणी खुणा सापडल्या तर व्यावसायिक माणूस बोलवा. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली त्याच्याकडे परवाना लागतो, तो बघायला मागा. औषधाचं नाव कागदावर लिहून घ्या. एका फवारणीत हमखास संपतील असं म्हणणाऱ्याला परत पाठवा. औषधानं अंडी क्वचितच मरतात, म्हणून पहिल्या फवारणीनंतर दहा ते चौदा दिवसांनी दुसरी लागतेच, कधी तिसरीही. जो माणूस कॉट न उघडता पंप घेऊन थेट फवारायला लागतो, त्याचं औषध चांगलं असलं तरी काम चांगलं नाही. फवारणीच्या दिवशी बाळ आणि सासूबाई नातेवाइकांकडे, सकाळपासून. औषध पूर्ण वाळून खोली काही तास उघडी ठेवल्यावरच परत. बाळाचं अंथरूण, खेळणी, पाळण्याची दोरी यांवर औषध नाही, तिथे फक्त गरम पाणी आणि वाफ.

एक काम माझ्या कायम लक्षात राहिलंय. कोथरूडच्या एका घरी आम्ही तीन वेळा गेलो. प्रत्येक वेळी कॉट, गादी, कपाट स्वच्छ, आणि दहा दिवसांनी आजींना पुन्हा चट्टे. चौथ्यांदा मी दुपारी गेलो, जेवणानंतर. आजी बाल्कनीजवळ वेताच्या खुर्चीत डुलकी घेत होत्या. नातू हॉस्टेलहून आला की त्याच खुर्चीवर बॅग टाकायचा. वेताच्या विणीत, पाठ टेकते तिथे, पांढरी अंडी ओळीनं होती. ढेकूण रात्रीच चावतो असं आपण म्हणतो, पण माणूस जेव्हा स्थिर असतो ती त्याची वेळ. तीन वेळा मी आजींना त्या दुपारी कुठे टेकतात हे विचारलं नव्हतं, आणि त्यांनी दोन महिने सोसलं. तुमच्या सासूबाई दुपारी कुठे टेकतात, ते आधी बघा.

चट्ट्यांबद्दल घाबरू नका. ढेकणामुळे माणसाला रोग लागतो असं सिद्ध झालेलं नाही. खाजवून जखम झाली की ती पिकते, तेवढं सांभाळा. गार पाण्याची पट्टी, कॅलामाइन. खाज फार असेल किंवा बाळाला उठलं असेल तर डॉक्टर.

हॉस्टेलचं राहिलं. मुलीला म्हणा, रेक्टरला लेखी द्या, खोलीतल्या सगळ्या मुलींच्या सह्यांनी. फक्त तिच्या खोलीत फवारणी करून उपयोग नाही. दोन्ही बाजूंच्या, वरच्या आणि खालच्या खोल्या तपासायला हव्यात. आणि एक गोष्ट हॉस्टेलवाले दर वर्षी चुकतात: दिवाळीच्या सुट्टीत रिकाम्या खोल्यांमध्ये फवारणी उरकतात. माणूस नसला की ढेकूण फटीतून बाहेर येत नाही, औषधावरून चालत नाही, आणि मुली परतेपर्यंत औषधाचा जोर उतरलेला असतो. सुट्टीआधी एक फवारणी आणि मुली परतल्यावर आठवड्याभरात दुसरी, असं मागून घ्या. सुट्टीत कॉटना वाफ द्यायची असेल तर ती मात्र रिकाम्या खोलीत उत्तम होते.

तुमच्या घरी शेवटचा ढेकूण वाटीत सापडल्यापासून दोन महिने वाट्या हलवू नका. त्या दोन महिन्यांत काही नाही आणि नवीन गांध नाही, तर समजा झालं. भाऊबीज उरकून मुलगी परत जाईल तेव्हा फराळ पुठ्ठ्याच्या खोक्यात देऊ नका. खोकं कॉटखाली जातं, आणि पुठ्ठ्याच्या पन्हाळ्यांइतकी ढेकणाच्या सोयीची जागा खोलीत दुसरी नसते. स्टीलचा डबा द्या, घट्ट झाकणाचा.